खिळ्यावरची चावी

आमच्या दुकानात गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याच्या हातात आधी पाण्याचा पेला. साडी मागनं. हा रिवाज मालकांच्या, म्हंजी अण्णांच्या, वडलांपासनं, आन् अकरा वर्सं तो माझ्या हातनं चालला. महाद्वार रोडला कापडदुकानं काय कमी न्हाईत, पण न मागता पाणी देणारं आमचंच, असं अण्णा छाती फुगवून सांगायचे. पाणी मी द्यायचो आन् छाती त्यांची फुगायची.

मी बायडाबाई. पुण्याकडच्या गिऱ्हाईक बायका माझं "आलो, गेलो, देतो" ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू द्या की. कोल्हापुरात बाई अशीच बोलती, त्यात माझं काय जात न्हाई. जे गेलं ते येगळंच गेलं. माझी उजवी किडनी गेली. डावी हाय, आन् ती ऱ्हावी म्हणून जी काय धडपड झाली, तेवढीच सांगतो. रडगाणं गाणार न्हाई.

आधी दुकान कसं हाय ते ऐका. लांबट, बोळासारखं. म्होरं बसायच्या गाद्या, मधी कपाटं, मागं गोदाम. गोदामातनं पलीकडं गेलं की एवढंसं अंगण, आन् त्या अंगणात संडास. गोदामाला कुलूप, आन् त्याची चावी एकच. ती चावी अण्णा बसायचे त्या गादीमागं, भिंतीला, बसवेश्वरांच्या फोटोखाली खिळ्याला अडकवलेली. पयलं म्हणं कुलूप नसायचं, पण बाजारातलं कोण बी यायचं आन् घाण करून जायचं. म्हणून अण्णांनी कुलूप घातलं. त्यांच्या हिशेबी त्यांनी आमची सोयच केली हुती.

आता ती चावी मागायची म्हंजी काय करायचं, सांगा. अण्णांच्या म्होरं जाऊन हुबं ऱ्हायाचं. अण्णांच्या बाजूला सयाजी, साड्या दाखवणारा जुना माणूस, त्याचे कान सगळीकडं. म्होरं गाद्यांवर गिऱ्हाईक, त्यात बापय, म्हातारे, कुणाचे जावई. एवढ्या सगळ्यांत तोंड उघडून म्हणायचं, चावी द्या. गड्यांचं बरं असतंय. "आलोच" म्हणायचं आन् बाहेर पडायचं, कुटं जाऊन आला कोण इचारत न्हाई. बाईनं कुटं जायचं? अकरा वर्सांत ती चावी एका बी बाईनं मागितली न्हाई. अण्णांना वाटायचं, बायकांस्नी लागतच न्हाई.

अण्णा म्हंजी शिवशरणअण्णा, दुकानाचे मालक. माणूस वाईट न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या पोरीच्या लग्नात पयली साडी त्यांच्या हातची. पण काही गोष्टी नाकाखाली असल्या तरी त्यांस्नी दिसायच्या न्हाईत.

आता पेल्यांचं बघा. बाप्यांचे पेले रिकामे परत यायचे, बायकांचे भरलेले. घ्यायच्या, घोटभर पाण्यानं ओठ भिजवायच्या आन् पेला पुन्हा तबकात ठेवायच्या. पयल्या महिन्यातच माझ्या ध्यानात आलं. गगनबावड्याकडनं पहाटं एस्टीत बसलेली बाई, तिला दिवसभर आमच्या गादीवर बसून बस्ता बांधायचा, सगळ्या भावकीच्या साड्या निवडायच्या, आन् सांजच्याला परत एस्टी. ती कशाला पाणी पिईल? आडोसा कुटं हाय, हे तिला ठावं नसतंय. उरलेलं पाणी मी दारातल्या कुंड्यांत वतायचो. वैशाखात सगळा रोड धुळीनं माखलेला आन् आमची जास्वंद हिरवीगार.

एकदा अण्णांच्या नजरंला आलंच.

"बायडाबाई, पाण्याला वास येतोय काय गं?"

"न्हाई की अण्णा."

"मग ह्या बायका पीत का न्हाईत?"

मी म्हटलं, "काय की."

झालं. अण्णांनी भिंतीला पांढरा फिल्टर बसवला. पेले तसेच भरलेले परत. मग माठात वाळा टाकला. मग स्टीलचे पेले काढून काचेचे आणले, वर फुलाची नक्षी. पेले तसेच. अण्णा डोकं खाजवायचे आन् मी गप्प. मला सगळं ठावं हुतं. पण सांगायचं म्हंजी तेच शब्द तोंडातनं काढायचे, जे काढायची लाज वाटत हुती म्हणून मी सोता तहानलेला हुतो.

माझी तऱ्हा ठरलेली हुती. फुलेवाडीतनं सकाळी नऊला निघायचं, परत घरात पाय ठेवायचा साडेआठला. निघायच्या आधी अर्धा कप चा. डब्यात कोरडी भाजी-भाकरी, आमटी न्हाई, ताक तर न्हाईच. दिवसभर घसा लईच सुकला तर चूळ भरायची आन् थुकायची. घरात शिरलं की आधी न्हाणी, मग चप्पल. दिवसभर लोकांस्नी शंभर-दीडशे पेले द्यायचे आन् आपण एक थेंब घ्यायचा न्हाई. खरं सांगू? मला त्याचा अभिमान हुता. शरीर कसं मुठीत ठेवलंय बघा, असं वाटायचं. कसला अभिमान नि काय, येडेपणा नुसता.

बरं, येडेपणा करायचा तर एकटीनं करावा. दोन हजार एकला दुकानात सुष्मिता लागली, साड्या अंगावर टाकून दाखवायला. विशीची पोरगी, उंच, हसरी, मला मावशी म्हणायची. पयल्या दिवशी तिनं येता येता दोन पेले पाणी ढोसलं आन् बारा वाजल्यापासनं तिची चुळबुळ सुरू. कधी ह्या पायावर, कधी त्या पायावर. मी तिला कपाटामागं नेलं आन् सगळं शिकवलं. सकाळी चा अर्धा. डब्यात पातळ न्हाई. चूळ भर, गिळू नको. महिन्याभरात पोरगी तयार झाली.

एकदा म्हणाली, "मावशी, लघवीला लई जळजळतंय."

"सवय हुती," मी म्हटलं. "मला झाली न्हाई का?"

हे मीच बोललो. दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवायची सोय न्हाई.

म्होरल्या साली अण्णांस्नी मुतखडा झाला. दुकानात, भर दुपारी, एका पार्टीला शालू दाखवता दाखवता माणूस गादीवर आडवा झाला आन् असा ओरडाय लागला की समोरच्या दुकानातली माणसं पळत आली. राजारामपुरीतल्या डॉक्टरकडं नेलं. आठ दिवसांनी अण्णा परत गादीवर बसले. त्यांच्या मागोमाग शांतादेवी वैनी, त्यांची बायको, एरवी कधी दुकानात न येणारी, ती थेट माझ्याकडं आली.

"बायडाबाई, डॉक्टरनी रोज तीन लिटर पाणी सांगितलंय. ह्यांना पाण्याचा कंटाळा. तासाला एक पेला तू हातात द्यायचास. नको म्हटले तरी हलायचं नाही. कन्नडमधनं म्हण, त्यांची आई म्हणायची तसं. नीरू कुडीरी. पाणी प्या. मग ऐकतील."

झालं, मला नवीन काम लागलं. घड्याळात टोला पडला की पेला घेऊन म्होरं जायाचं. "अण्णा, नीरू कुडीरी." पयल्यांदा चिडले, मग हसले, मग लहान पोरासारखं गटागटा प्यायला लागले. आन् पेला संपल्यावर धा-पंधरा मिंटांत काय करायचे ठावं हाय? बसल्या बसल्या हात मागं करायचे, खिळ्यावरची चावी काढायचे, बोटावर गरगर फिरवत, गिऱ्हाइकाला "आलोच हां पावणं" म्हणत मागं निघून जायचे. दिवसातनं आठ-आठ वेळा. मी रिकामा पेला हातात धरून बघत बसायचो. पोटात अशी कळ यायची, आन् कळीपेक्षा राग जास्ती. पण राग कुणावर काढायचा? ते त्यांच्या दुकानात त्यांच्या चावीनं जात हुते.

खडा पडला तसे अण्णा पाण्याचे भक्तच झाले. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "पाणी प्या पावणं, पाणी. निम्मे आजार तितंच संपत्यात. ह्या बायडाबाईमुळं माझा खडा पडला." आन् माझ्याकडं वळून, "तू बी पीत जा गं."

"व्हय अण्णा," मी म्हणायचो.

दोन हजार तीनच्या दिवाळीत मला थंडी वाजून ताप आला. उजव्या कुशीत तर वरीसभर दुखत हुतं, मी ते अंगावर काढलेलं. ह्या बारीला मात्र अंथरुणातनं उठताच येईना. अण्णांनीच चिठ्ठी दिली, त्याच डॉक्टरकडं गेलतो. फोटो काढले, रक्त काढलं, आन् मग डॉक्टरनं समोर बसवलं.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी आन् रात्री."

"मधे?"

"न्हाई."

"काम काय करता?"

"पाणी द्यायचं."

"कुणाला?"

"सगळ्यांस्नी."

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. मग म्हणाला, "उजव्या बाजूला खडा नळीत अडकून बसलाय, कधीपासून कोण जाणे. ती किडनी सुजून सुजून निकामी झालीय. आता ती गेली असंच समजा. डावी वाचेल. रोज तीन लिटर पाणी प्यायचं, आणि लागली की लगेच जायचं, अडवून धरायचं नाही. दोन्ही पाळलंत तर ही टिकेल. ही गेली, तर मग आठवड्यातून दोनदा मशीनवर."

तीन आठवड्यांनी मी कामावर परत गेलो. अण्णांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मला पाजलंस आन् सोता प्याली न्हाईस? अशी कशी गं तू?" म्हणाले. का प्याली न्हाईस, हे मात्र त्यांनी इचारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी निळी बाटली आणली, लिटरभराची. "दोनदा भरायची, दोनदा संपवायची. मी लक्ष ठेवणार." आन् बाटली माझ्या हातात देताना त्यांच्या डोक्यामागं ती चावी तशीच लोंबत हुती.

पयल्या दिवशी मी बाटली प्यालो. दुपारी दोनपर्यंत डोळ्यांम्होरं काजवे. चारदा अण्णांच्या म्होरं जाऊन हुबा ऱ्हायलो. "काय गं?" म्हणायचे, आन् मी म्हणायचो, "काय न्हाई, पेला न्यायला आलतो." सांजंपर्यंत अडवून धरलं. रात्री डाव्या बाजूला कळ आली. डाव्या! अंथरुणात उठून बसलो. आयुष्यात पयल्यांदा मी मरणाला भ्यालो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी मी बाटलीतलं सगळं पाणी जास्वंदीला घातलं आन् रिकामी बाटली अण्णांस्नी दाखवली. अण्णा म्हणाले, "शाब्बास!"

ती शाब्बासकी मला जेवढी लागली, तेवढी शिवी दिली असती तरी लागली न्हसती. अकरा वर्सं दुकानात काढलेली बाई मी, नातवंडाची आजी, आन् शाळंतल्या पोरीगत खोटी पाटी दाखवत हुतो. ते बी कशासाठी, तर आपलीच किडनी घालवण्यासाठी. घरी जाता जाता मी मलाच मनात शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी शाहूवाडीकडनं मोठा बस्ता आला. हंबीरराव म्हणून नवऱ्यामुलाचे चुलते, ते कारभारी. दोन ट्रॅक्स भरून माणसं, त्यात अकरा बायका. साडेधाला गाद्या भरल्या. मी तबक फिरवलं. बाप्ये प्याले. बायकांनी ओठ भिजवले. त्यांच्यात चिमणाबाई म्हणून एक म्हातारी हुती, नवऱ्यामुलाची चुलतआजी, हातभर बांगड्या, आवाज खणखणीत. तिनं पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् पेला न उचलताच हात हलवला.

मी सकाळपासनं अर्धी बाटली प्यालोतो. ठरवून. रात्रीची कळ इसरलो न्हवतो. बारा वाजले. साडेबारा. गादीवर शालूंचा ढीग पडलेला, सुष्मिता एकेक पदर खांद्यावर टाकून दाखवतीया, सयाजीचं तोंड चालूच. बायका एका मांडीवरनं दुसऱ्या मांडीवर होत हुत्या. अण्णांचा तास झाला. मी पेला नेला. "नीरू कुडीरी." अण्णा प्याले, हात मागं केला, चावी काढली, जाऊन आले, चावी परत खिळ्याला अडकवली. डाव्या कुशीत माझ्या बारीक कळ उठली. डॉक्टरचं बोलणं कानात. अडवून धरायचं न्हाई.

मी अण्णांच्या म्होरं जाऊन हुबा ऱ्हायलो.

"काय गं?"

"अण्णा, चावी द्या."

"गोदामाची? काय आणायचंय?" आन् माझं उत्तर यायच्या आधी अण्णांनी चावी काढून सयाजीकडं टाकली. "सयाजी, बायडाबाईला काय पायजे बघ. तू जाऊन आण."

सयाजी चावी घेऊन उठला बी. आता बघा, हितं मी "ऱ्हाऊ द्या" म्हणून वळलो असतो तर वळता आलं असतं. अकरा वर्सं तशीच वळत आलतो. पण मला एकाएकी लई राग आला. सयाजीचा न्हाई, अण्णांचा बी न्हाई. माझाच. आन् रागात आवाज जेवढा चढायचा तेवढा चढला.

"सयाजीनं जाऊन भागत न्हाई अण्णा! मलाच जायाला पायजे. लघवीला!"

सयाजी चावी धरून तसाच हुबा. हंबीरराव छताच्या पंख्याकडं बघाय लागले. अण्णांचं तोंड उघडं. सुष्मिताच्या खांद्यावरनं शालू घसरला. माझे कान तापले हुते, पण तोंडातनं निघालं ते निघालं, आता माघारी कुटं घ्यायचं?

आन् चिमणाबाई हसली. कसली हसली! बांगड्या वाजवत, डोळ्यांतनं पाणी काढत हसली. "अगं बया! खरं हाय की! सयाजीनं जाऊन कसं भागंल?" मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "कुटं हाय गं बाई? चल, मला बी ने. पहाटं पाचला घर सोडलंय मी."

ती उठली तशी तिच्या शेजारची उठली. मग नवऱ्यामुलाची आई. मग दोन जावा एकदमच. बघता बघता अकराच्या अकरा बायका हुब्या, आन् गादीवर नुस्ते शालू नि बाप्ये. मी सयाजीच्या हातनं चावी काढून घेतली. गोदामातनं, कापडाच्या गठ्ठ्यांमधनं, आमची रांग निघाली, पदर खोचून, हसत, एकमेकींस्नी ढकलत. मागनं हंबीररावांचा आवाज आला, "आमच्या बायका कुटं गेल्या सगळ्या?" आन् अण्णा म्हणाले, "मागं... जरा माल बघायला." मागं गाठोड्यातला पांढरा लट्ठा हुता नुस्ता.

अर्धा-पाऊण तास बस्ता थांबला. परत येऊन बायका गाद्यांवर ऐसपैस मांडी घालून बसल्या, आन् चिमणाबाईनं हात म्होरं केला.

"आता आण बाई तुझं पाणी."

मी तबक फिरवलं. पेले रिकामे परत आले. परत फिरवलं, परत रिकामे. काचेच्या पेल्यावरची ती फुलाची नक्षी मला पयल्यांदा तळापर्यंत दिसली. तीन वाजता माठाचा तळ लागला आन् मी तो दुसऱ्यांदा भरला. अकरा वर्सांत असं कधी झालं न्हवतं.

सांजच्याला बस्ता बांधून झाला, ट्रॅक्स गेल्या. अण्णा कितीतरी वेळ रिकाम्या पेल्यांकडं बघत बसले हुते.

"फिल्टर," ते म्हणाले. "वाळा. काचंचे पेले. आन् तू सांगितलं न्हाईस."

"न्हाई."

"अगं, चावी हितंच हुती की. डोळ्यांम्होरं."

"व्हय अण्णा," मी म्हटलं. "तुमच्या डोक्यावरच हुती."

अण्णा उठले. चावी काढली, तो खिळा हातोडीच्या मागच्या बाजूनं उपसला, आन् मागं जाऊन गोदामाच्या दाराच्या चौकटीला सोता ठोकला. माणूस वाईट न्हाई, म्हटलं न्हाई का मी. मला वाटलं, चला, संपलं. डावी वाचली. लई हलकं वाटलं, ते बी सांगतो.

मी पेले धुवाय घेतले तर मागं सुष्मिता हुबी. ती सगळ्यांत शेवटी मागं जाऊन आलती, दुपारीच. तिनं माठातनं एक पेला भरून घेतला, हुब्यानं रिकामा केला, आन् दुसरा भरला. पिता पिता तिचा हात कुशीवर गेला. उजव्या. मला जिथं दुखायचं तिथंच.

"कधीपासनं?" मी इचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं." ती रडत न्हवती. नुस्ती माझ्याकडं बघत हुती. "मावशी, चावी मागता येत हुती, तर मग मला ते चूळ भरायचं का शिकवलंसा?"

वल्ल्या हातानं मी तिचा पेला घेतला, परत भरला, आन् उद्या सकाळी नऊला राजारामपुरीत डॉक्टरकडं जायाचं, असं तेवढं तिला सांगितलं.